दोन मुठी घेवडा



आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सात बिऱ्हाडांनी मिळून भाजीपाला लावला, तेव्हा उत्साह उदंड होता आणि अक्कल बेताची. वाफे मात्र बरे जमले. माती थोडी, पालापाचोळा आणि घरचा ओला कचरा जास्त. ही वाट कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांची. मूळचे गणिताचे प्राध्यापक, पण 'प्रयोग परिवारा'तून त्यांनी कितीजणांना पिकवायला शिकवलं! कुजलेला पाला ओल धरून ठेवतो, स्लॅबवर भारही कमी पडतो.

चुकलो ते बियाण्यात. चकचकीत पाकिटं आणून टोमॅटो आणि फ्लॉवर लावले. ऑक्टोबरच्या उन्हात रोपं माना टाकू लागली. उरलेल्या टोमॅटोंना अवकाळी पावसाने तडे गेले. तळमजल्यावरच्या आजी वर आल्या, वाफ्याकडे बघत म्हणाल्या, "हे लाडावलेलं पोर आहे रे. मायाळू लाव, अळू लाव. मोरीच्या पाण्यावर वाढतात."

वाढले की! पुढच्या पावसाळ्यात बाजारात कोथिंबिरीच्या जुडीला हात लावायची सोय नव्हती, आणि आमच्याकडे आठवड्याला अळूचं फदफदं. मुलं वैतागली, तो भाग वेगळा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे हेच तर सांगत आल्या: इथल्या मातीतलं लावा. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावोगावचं गावरान बी जमवलं, बायकांना परसबागा लावायला शिकवलं. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वालाच्याच किती जाती त्यांच्याकडे! कुणी लवकर येणारा, कुणी उशिरा. पावसाने ओढ दिली तर एक हातचा जातो, दुसरा तग धरतो. शिवाय संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत. गावरान बी मात्र आपल्या मातीला, हवेला सरावत जातं.

आमच्या गच्चीने पृथ्वीचा ताप उतरणार नाही, हे मलाही कळतं. पण लहरी हवेत काय तगतं, ते आता आम्हाला ठाऊक आहे आणि त्याचं बी आमच्या हाती आहे. राखेत घोळून बरण्यांत भरलेलं ते बी जिन्याखालच्या कपाटात असतं. एक मूठ न्यायची, हंगाम संपला की दोन आणून द्यायच्या, एवढाच नियम. वही आजींकडे असते.

तिसऱ्या मजल्याकडून दोन मुठी घेवडा अजून यायचाय.