सेंद्रिय अन्न आणि ग्राहकाचा धर्म



उन्हाळा लागला की आपल्या खानदेशात घरोघरी वर्षाच्या मिरचीची लगबग सुरू होते. देठ खुडायचे, ऊन दाखवायचे, डंकावर कुटून आणायचे आणि बरण्या भरायच्या. आपल्या दोंडाईच्याची पेठ तर मिरचीसाठीच ओळखली जाते. म्हणून सेंद्रिय अन्नाविषयी बोलताना मी लांबचे उदाहरण घेत नाही; आपली मिरचीच घेतो.

सेंद्रिय शेती म्हणजे कृत्रिम खते व रासायनिक विषे टाळून, शेणखत, कंपोस्ट आणि पिकांची फेरपालट यांच्या बळावर जमीन जिवंत ठेवणारी शेती. हा विचार परदेशातून आला असे काहीजण मानतात. पण धुळ्याहून आग्रा रोडने सरळ गेले की जे इंदूर लागते, तेथेच सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत बसवून 1931 साली ती ग्रंथरूपाने मांडली. आपल्या शेतकऱ्याला मी गुरू मानले, असे सांगणारा हा इंग्रज होता. पुढे संकरित बियाणे आली, खतांच्या गोण्या आल्या आणि उकिरड्याची किंमत गेली. त्या खतांनी देशाची भूक भागविली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र त्यांच्याबरोबर आलेली विषे आज पिकापुरती राहिलेली नाहीत.

मिरचीवर फुलकिडे व कोळी पडतात, चुरडा-मुरडा येतो, आणि शेतकरी फवारणीमागून फवारणी करतो. आंतरप्रवाही औषध फळाच्या अंगात भिनते. ते वरून धुऊन जात नाही. तीन-चार किलो ओल्या मिरचीची एक किलो वाळलेली मिरची होते. पाणी उडून जाते, उरलेला अंश मात्र दाट होतो. आपण मिरची चिमटीने खातो, तेव्हा उगाच घाबरण्याचे कारण नाही. पण पाठीवर पंप घेऊन दिवसभर त्या फवाऱ्यात उभा राहणारा माणूस चिमटीने विष घेत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती फवारणी कापसावरची होती. पण पंप तोच आणि माणूसही तोच.

आता बाजाराकडे वळू. 2001 साली देशात सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 2016 साली सिक्कीम हे पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झाले. शहरांतून दुकाने निघाली, भाव चढले, आणि भाव चढले की खोटा मालही येतो. मिरचीपुडीत विटेची भुकटी असेल तर पेलाभर पाण्यात ती तळाशी बसते. पाण्यात विरघळणारा रंग असेल तर त्याच्या रेघा खाली उतरताना दिसतात. परंतु पुडी सेंद्रिय आहे की नाही, हे डोळ्यांना, जिभेला किंवा पेल्यातल्या पाण्याला कळत नाही. मिरची वाकडी आहे, फिकी आहे, किडकी आहे म्हणून ती सेंद्रिय, हा निव्वळ भ्रम आहे.

मग ओळखावे कसे? पाकिटावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह आणि प्रमाणपत्राचा तपशील पाहावा. ‘नैसर्गिक’, ‘गावरान’, ‘शुद्ध’ हे शब्द प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाहीत. शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेते तपासून हमी देतात, अशीही एक सरकारमान्य पद्धत आहे. लहान शेतकऱ्याला ती परवडते. आणि शेतकरी थेट विकत असेल तर त्याला विचारावे: खत कोणते घातले? फुलकिडे आले तेव्हा काय केले? निंबोळी अर्क, निळे चिकट सापळे, कडेने मक्याच्या ओळी, असे उत्तर ज्याच्या तोंडून सहज येते, त्याच्या शेतावर एकदा जाऊन यावे. ‘आमच्याकडे कीड येतच नाही’ असे जो सांगेल, त्याच्याकडून घेताना मात्र थोडे थांबावे.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. राष्ट्रीय नियमांप्रमाणे मिरचीसारख्या हंगामी पिकाची जमीन सेंद्रिय ठरण्यास सामान्यतः दोन वर्षे लागतात, फळबागेला तीन. या काळात शेतकरी विष सोडतो, उत्पन्न बहुधा घटते, पण सेंद्रियचा भाव त्याला मिळत नाही. बहुतेकांची उमेद येथेच खचते. श्रीलंकेने 2021 साली रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली. भाताचे पीक घसरले आणि काही महिन्यांतच बंदी मागे घ्यावी लागली. जमिनीला वेळ द्यावा लागतो, आणि त्या वेळेचा खर्च कोणीतरी सोसावाच लागतो. आज तो एकटा शेतकरी सोसतो.

म्हणून माझी सूचना लहानशी आहे. सगळा किराणा सेंद्रिय घेणे आपल्यापैकी अनेकांना झेपणार नाही. पण दहा घरांनी मिळून एक शेतकरी धरावा आणि त्याच्या त्या दोन अवघड वर्षांत वर्षाची मिरची त्याच्याकडून घ्यावी. समजा, एका घराला चार किलो मिरची लागते आणि किलोमागे शंभर रुपये जास्त पडले. तर वर्षाला चारशे रुपये, म्हणजे दिवसाला रुपयाहून थोडे अधिक. त्यात काही रक्कम पेरणीपूर्वी दिली तर त्याला खताची गाडी घेता येईल.

घासाघीस करण्यात आपण पटाईत आहोत, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु सेंद्रिय मालाच्या भावात शेतकऱ्याने सोसलेली दोन वर्षेही असतात. त्या वर्षांची घासाघीस करू नये, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.