अफवेचे अर्थशास्त्र

अफवा ही अज्ञानाची लेक आहे, असा सुशिक्षितांचा एक आवडता समज आहे. त्यात सोय अशी, की सारा दोष ऐकणाऱ्याच्या माथी मारता येतो आणि सांगणाऱ्याची झडती घ्यावी लागत नाही. उत्तर प्रदेशातील पोलिओच्या लढ्याने हा समज खोटा पाडला.

२००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण आढळले. त्यांपैकी १२०० हून अधिक एकट्या उत्तर प्रदेशातील होते. राज्याच्या पश्चिम भागात, विशेषतः गरीब मुसलमान वस्त्यांत, डोस पाजणारे दिसले की दारे बंद होत. या थेंबांनी मुले पुढे निर्बीज होतील, असे बोलले जाई. गोष्ट धादांत खोटी होती. परंतु ती आकाशातून पडलेली नव्हती. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील कितीतरी धाकदपटशाने. ज्या घरातील कर्त्या पुरुषाला असे ओढून नेले होते, त्या घराने पंचवीस वर्षांनी सरकारी माणसाच्या हातातील औषधाकडे संशयाने पाहिले, तर त्याला अडाणीपणा म्हणावे काय?

संशयाला दुसरेही कारण होते. गटारे तुंबलेली, हातपंपाचे पाणी दूषित, मूल जुलाबाने दगावत असले तरी जवळपास डॉक्टर नाही. आणि अशा वस्तीत सरकार वर्षातून अनेकदा दारी येई ते केवळ दोन थेंब घेऊन! सरकारला यातच एवढा रस का, हा तेथील आयांचा प्रश्न निदान अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी बिनतोड वाटावा. काही गावांनी तर आधी रस्ता आणि वीज द्या, मग डोस पाजा, असा सरळ सौदाच मांडला.

त्यातच, थेंब घेऊनही काही मुले लुळी पडत. घाणीमुळे पोटाचे विकार जडलेल्या मुलांना ही लस नीट लागू पडत नसे, म्हणून डोस पुनःपुन्हा द्यावे लागत. घोषवाक्य मात्र दोनच थेंबांचे होते. अर्धे सत्य सांगितले, की उरलेली जागा अफवा भरून काढते.

नामवंत नटांच्या जाहिरातींचे श्रेय कोणी नाकारू नये. पण दार उघडले ते त्याच गल्लीत राहणाऱ्या बाईच्या हाकेने. युनिसेफच्या साहाय्याने अशा हजारो स्थानिक स्त्रिया घरोघर फिरू लागल्या. मशिदींतून इमामांनी आवाहने केली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलिया या संस्थाही पुढे आल्या. २००९ पासून उत्तर प्रदेश व बिहारमधील १०७ अतिजोखमीच्या विकासखंडांत थेंबांच्या जोडीला स्वच्छता, स्तनपान, जुलाबावर क्षारसंजीवनी आणि जस्ताच्या गोळ्या यांवरही भर देण्यात आला. आयांनी जे मागितले होते, त्यातले थोडेसे उशिरा का होईना पोचू लागले.

१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात एक बालिका आजारी पडली. नैसर्गिक पोलिओ विषाणूची ती भारतातील शेवटची रुग्ण ठरली. ज्या स्त्रियांनी हा विश्वास दारोदार फिरून कमावला, त्यांना पगार नव्हता; मानधन होते.