पासबुक कोणाच्या हातात?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "सरकारी मदतीविषयी दहा मिनिटे बोला" असे सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणाले. भाषण करणे हे शिकल्यासवरल्या बायकांचे काम. मी शाळेची पायरीसुद्धा चढलेली नाही. लहानपणी देवीच्या साथीत माझे दोन्ही डोळे गेले, आणि त्यानंतर अक्षरांशी माझा संबंध आला तो अंगठा उठवण्यापुरता. परंतु बाई म्हणाल्या, "कागद तुम्ही वाचले नसतील, पण कागदांसाठी तुमच्याइतके हेलपाटे आपल्या लोहाऱ्यात कोणी घातले?" यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून उभी आहे.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, होते तोवर अपंगत्वाचा दाखला आमच्या घरात आला नाही. "पोरीच्या नावावर तसला शिक्का नको," असे ते म्हणत. धाकटीचे लग्न व्हायचे होते, लोक काय म्हणतील ही धास्ती. त्यांना मी दोष देत नाही. पण संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली, आणि माझा अर्ज गेला तो दादा वारल्यावर, वीस वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर. मधल्या वर्षांचे पैसे मागून मिळत नाहीत. आजही आपल्या गल्लीत दोन घरे अशी आहेत की जिथे मुलीचा दाखला याच धास्तीने काढलेला नाही. नावे घेत नाही. त्या माउल्या इथेच बसल्या आहेत.

दाखला ही पहिली पायरी. तो काढल्याशिवाय पुढचे एकही दार उघडत नाही. अर्ज आता संगणकावरून भरतात, आपल्या सेतू केंद्रात भरून देतात. तपासणी मात्र सरकारी रुग्णालयात डॉक्टरांकडेच होते. मग टक्केवारी लिहिलेले ओळखपत्र येते. चाळीस टक्क्यांच्या आत पांढरी पट्टी, त्यावर पिवळी, ऐंशी व त्याहून अधिक असेल तर निळी. माझी निळी आहे म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण हिच्यावरून फार रडारड होते. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर तीसच टक्के धरतात. चाळीसच्या आत म्हणून अनुदान मिळत नाही. डॉक्टर पैसे मागतो म्हणून कमी लिहिले, असे उगीच बोलू नये. नियमच तसा आहे. आणि ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांनी दाखल्याच्या मागे न लागता आधी शस्त्रक्रिया करून घ्यावी. ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. ज्याला दिसू शकते त्याने पेन्शन कशाला मागावी?

दाखला आला की तहसिलात अर्ज. वय अठरा ते पासष्ट, पंधरा वर्षांचा महाराष्ट्रातील रहिवास, आणि दिव्यांगांसाठी घरचे वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत. पासष्टाच्या पुढे श्रावणबाळ योजना आहे. मला आधी सहाशे मिळत, मग हजार झाले, २०२३ मध्ये दीड हजार, आणि २०२५ च्या निर्णयाने दिव्यांगांना अडीच हजार. केंद्राची इंदिरा गांधी योजना वेगळी, म्हणून दुहेरी रक्कम मिळेल, असे कोणी सांगितले तर खरे मानू नये. केंद्राचे तीनशे धरूनच ती एक रक्कम होते.

आता खरे बोलायचे ते पुढे आहे. पैसे खात्यात आले म्हणजे माझ्या हातात आले, असे नव्हे. एका बँकेत मला साहेबांनी सांगितले, "बाई, तुम्हाला दिसत नाही, पुतण्याचे नाव सोबत लावा, तोच काढील." पुतण्या गुणी आहे, त्याने एक पैसाही कधी लपवला नाही. पण मला बांगड्या भरायच्या तरी त्याला विचारायचे, भावजयीला साडी घ्यायची तरी त्याला विचारायचे! रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्येच सर्व बँकांना कळवले आहे की अंध माणसाला चेकबुक, ए.टी.एम. कार्ड, लॉकर, काहीही नाकारायचे नाही. हे मला एका अंध शिक्षकाने सांगितले. मी तसा अर्ज लिहवून घेतला आणि पुन्हा जाऊन बसले. दुपारपर्यंत बसले. खाते एकटीच्या नावाने राहिले.

नोटा कशा ओळखता, असे तुम्ही विचारता. शंभराच्या कडेला चार तिरप्या उठावाच्या रेघा असतात, पाचशेच्या कडेला पाच. नवी नोट असली तर अंगठा फसत नाही. जुनी, मळकी झाली की मात्र फसतो, तेव्हा मी भावजयीला हाक मारते.

आणखी एक. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. एका वर्षी माझा तो दिलेला कागद कुठेतरी हरवला आणि पाच महिने पैसे बंद. मी स्वतः कचेरीत गेले आणि म्हटले, "साहेब, ही मी, जिवंत आहे, हात लावून बघा." सगळे हसले, पण काम त्याच आठवड्यात झाले. तेव्हापासून दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घेते, आणि ती तांदळाच्या डब्याखाली ठेवते.

येत्या बुधवारी सकाळच्या एस.टी.ने मी गल्लीतील दोघींना घेऊन धाराशिवला तपासणीसाठी जाणार आहे. बायकांना अर्धे तिकीट आहेच, माझे पाव. आणखी जिला यायचे असेल तिने आधार कार्ड, रेशनकार्ड व दोन फोटो घेऊन मंगळवारी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे निरोप धाडावा. भाकरी आपापली बांधून आणावी.