पाण्याला थांबायला जागा



'निसर्ग आणि तंत्रज्ञान' या विषयावर बोल, असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते हिंदमाता. तिथल्या पाण्याने आपल्याला किती सुट्ट्या मिळवून दिल्या, हे इथे बसलेल्या बाईंना वेगळं सांगायला नको!

हिंदमाता म्हणजे बशीचा तळ. आजूबाजूचं पाणी तिथे उतरतं आणि गटारांतून समुद्राकडे जातं. पण मोठ्या भरतीला समुद्राचीच पातळी वर असते, मग पाणी जाणार कुठे? त्यातून आपली ब्रिटिशकालीन गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर ती क्षमता 50 मिलिमीटरवर नेण्याच्या कामाला वेग आला, पंपिंग स्टेशनं उभी राहिली. तरी हिंदमाताला पाणी तुंबतच राहिलं.

मग 2021 मध्ये महापालिकेने वेगळा विचार केला. दादरचं प्रमोद महाजन उद्यान आणि परळचं सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली मोठ्या टाक्या बांधायला घेतल्या. भरतीच्या वेळी रस्त्यावरचं पाणी तिथे साठवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं. समुद्राशी भांडायचं नाही, त्याचं वेळापत्रक पाळायचं.

ही कल्पना नवी आहे का? धोबी तलाव, सी. पी. टँक, गवालिया टँक ही नावं आपण रोज घेतो, पण तलाव कुठे आहेत? ते बुजले. अठराव्या शतकात वरळीजवळ हॉर्नबी वेलार्ड बांधण्यापूर्वी भरतीचं पाणी बेटांमधल्या सखल भागात पसरायचं. पाण्याला पसरायला आणि थांबायला जागा होती. ती आपण घेतली. आता तीच जागा जमिनीखाली, पंप लावून परत देतोय.

माझ्या क्षेत्राचंही यात काम आहे. 2020 मध्ये मुंबईसाठी 'आयफ्लोज' ही पूर-इशारा प्रणाली सुरू झाली. पाऊस, भरती आणि जमिनीचे चढउतार यांचं गणित मांडून कुठे पाणी भरेल याचा अंदाज ती देते. सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारी मी, मला तिचं कौतुक आहेच. पण पाणी कधी येईल हे सॉफ्टवेअर सांगेल. ते मुरायला माती मात्र देऊ शकणार नाही.

आणि माती संपत चालली आहे. 1991 च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला मिळायचा होता. 2001 च्या बदलाने तो फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरता उरला, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. लालबाग-परळचे टॉवर तुमच्यासमोर आहेत. टाक्या झाल्यावरही मोठ्या पावसात हिंदमाताला पाणी साचतं, कारण टाकीलाही मर्यादा असते.

आता आपल्या चाळी पुनर्विकासाला निघाल्या आहेत. सभेत आपण कार्पेट एरिया विचारतो, पार्किंग विचारतो, कॉर्पस फंड विचारतो. विचारायलाच हवं. त्यासोबत बिल्डरला आणखी एक प्रश्न विचारा: आवारातली किती जमीन काँक्रीटशिवाय मोकळी राहणार? उत्तर नकाशावर दाखवायला सांगा, आणि ते पाहिल्यावरच सही करा.