संकोच सोडा, जीव राखा
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी आम्ही एका अप्रिय विषयावर चार शब्द बोलणार आहोत. तो विषय म्हणजे मूत्राशयाचा कर्करोग. भरसभेत असा विषय काढणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु याच संकोचापायी आम्ही स्वतः चार महिने गमावले, म्हणून बोलणे हे आम्ही कर्तव्य समजतो.

एके दिवशी आमच्या लघवीतून रक्त गेले. वेदना मुळीच नव्हती. दोन दिवसांत ते आपोआप थांबले. ‘उष्णता झाली असेल’ असे मनाचे समाधान करून आम्ही धण्याजिऱ्याचे पाणी पीत राहिलो. घरात चकार शब्द काढला नाही. चार महिन्यांनी पुन्हा रक्त दिसले, ते आमच्या कुटुंबाच्या ध्यानात आले आणि त्यांनीच आम्हांस डॉक्टरांकडे नेले. दुर्बिणीच्या तपासणीत गाठ आढळली. सुदैव इतकेच की ती आतल्या अस्तरापुरती होती, स्नायूत उतरली नव्हती. अशा अवस्थेत रोग सापडणारे रुग्ण शेकडा ७० च्या आसपास असतात.

अशी गाठ मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून खरवडून काढतात. पोटावर चिरा पडत नाही. मग प्रश्न येतो की, गाठ निघाली तर पुन्हा औषध कशाला? आम्हीही तोच प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर असे की, गाठ खरवडताना सुटलेल्या पेशी मूत्राशयात तरंगत राहतात आणि शेतात सांडलेल्या बियांप्रमाणे अन्यत्र रुजू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर २४ तासांच्या आत मायटोमायसिन किंवा जेमसिटाबिन हे औषध नळीवाटे मूत्राशयात सोडतात आणि तास-दोन तासांनी काढून टाकतात. ते मुख्यत्वे मूत्राशयातच राहत असल्यामुळे केस गळण्यासारखे त्रास सहसा होत नाहीत. काही दिवस जळजळ मात्र होते. मूत्राशयास छिद्र पडल्याची शंका असेल किंवा रक्तस्राव फार असेल, तर हे औषध देत नाहीत.

अमेरिकेत ४०६ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. चार वर्षांत, जेमसिटाबिन दिलेल्यांपैकी शेकडा ३५ जणांस रोग उलटला. नुसते मिठाचे पाणी दिलेल्यांत हेच प्रमाण शेकडा ४७ होते. लाभ निश्चित आहे, पण अभय नाही. म्हणूनच तीन महिन्यांनी आणि पुढेही ठरल्या वेळी दुर्बिणीची तपासणी चुकवू नये.

रोग अधिक उग्र असेल तर बी. सी. जी. देतात. आपल्या तान्ह्या मुलांच्या दंडावर क्षयाविरुद्ध टोचतात तीच ही लस. १९२१ साली फ्रान्समध्ये ती प्रथम बालकास दिली गेली. १९७६ साली कॅनडातील डॉ. मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कर्करोगावरील तिचा उपयोग जगापुढे मांडला. प्रथम आठवड्यास एक याप्रमाणे सहा मात्रा मूत्राशयात सोडतात. ती पेशींना विषाप्रमाणे मारीत नाही, तर शरीराचेच सैन्य जागे करते.

आता कारणाविषयी. १८९५ साली जर्मनीतील डॉ. रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांत हा रोग दाखवून दिला. तथापि आज त्याचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान हेच आहे. आम्ही तीस वर्षे सिगारेट ओढली, हे या व्यासपीठावरून कबूल करताना आम्हांस लाज वाटते. पण तरुणांनी यातून बोध घेतला तर ती लाज सार्थकी लागेल.

बंधुभगिनींनो, लघवीत एकदाच रक्त दिसले, दुखले नाही, आपोआप थांबले, तरीही डॉक्टरांकडे जा. आणि घरातील वडील माणूस संकोचाने गप्प असेल, तर धाकट्यांनी मर्यादा न सोडता पण आग्रहाने विचारावे. आमच्या घरी ते विचारले गेले, म्हणूनच आज आम्ही आपणांपुढे उभे आहोत.