म्हातारी जमीन आणि स्फुरद
(वार्षिक संमेलनातील भाषण)



ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे आपली बिऱ्हाडे स्थिरावली असली, तरी मुरबाड-शहापूरकडील भातखाचरे व वरकस जमिनी अद्याप अनेक कुटुंबांच्या नावे आहेत. ‘जमीन म्हातारी झाली, घातलेले खत गिळून बसते,’ असे वडीलधारी मंडळी म्हणतात आणि मग ती विकण्याच्या गोष्टी निघतात. या बोलण्यात तथ्य किती, याचा आज विचार करू.

सह्याद्रीचा काळा पाषाण अतिवृष्टीने झिजतो. चुना वाहून जातो. मागे लोह व ॲल्युमिनियम उरते. माथेरानच्या माथ्यावरील जांभा हे या क्रियेचेच अखेरचे रूप होय. हे लोह पिकाला आवश्यक असे स्फुरद घट्ट धरून ठेवते. परंतु लोहाचे सारे कण सारखे नव्हेत. नुकतेच बनलेले फेरिहायड्राइट इतके सूक्ष्म असते की, त्याच्या एका ग्रॅमचे पृष्ठ २०० चौरस मीटरच्याही पुढे जाते. कालांतराने त्याचे स्फटिक बनतात : जर्मन कवी गटे याचे नाव धारण करणारे गोएथाइट, अथवा गेरूला रंग देणारे हेमॅटाइट. स्फटिक वाढले की पृष्ठ घटते आणि नवे स्फुरद धरण्याची शक्तीही उणावते. म्हणजे वार्धक्याने लोहाची भूक मंदावते. अधाशी असते ते त्याचे तारुण्य!

मग आपली खाचरे खत का गिळतात? कारण तेथील बरेचसे लोह दरवर्षी पुन्हा तरुण होते. पावसाळ्यात पाणी साचून मातीतील हवा तुटते, लोह विरघळते व बांधलेले स्फुरद मोकळे होऊन भाताला मिळते. कापणीनंतर खाचर सुकताच लोह ताजे, सूक्ष्म रूप घेते आणि स्फुरद पुन्हा ओढून घेते. भातामागून पेरलेल्या वालाला वा हरभऱ्याला ते अपुरे पडते, ते यामुळेच.

यास्तव रब्बीचे स्फुरद शेतभर न फेकता बियांच्या ओळीलगत, मातीआड द्यावे. शेणखत सोडू नये. त्यातील सेंद्रिय आम्ले लोहावरील जागा अडवितात. वरकस जमीन आम्ल आढळल्यास चुन्याचा विचार करावा. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेची सोय झालेली आहे. तिचा लाभ घ्यावा. आपल्या देशातील स्फुरदखतांचा मोठा कच्चा माल परदेशातून येतो, हेही ध्यानी असावे.

बंधुभगिनींनो, वाडवडिलांची जमीन विकण्यापूर्वी तिची माती एकदा तपासून पाहा, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.