लेकराच्या वाटीतला घास

(पावसाळ्याच्या तोंडावर भरलेल्या महिला शिबिरात आरोग्य गटाने केलेलं भाषण. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यावरच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं.)



आजवर आपण या बैठकांत प्लॉटांचं बोललो. पंचनामे, दंडाच्या पावत्या, फॉरेस्टवाल्यांची दांडगाई, मोर्चा. आज आम्ही पोरांच्या खाण्याचं बोलणार. सकाळीच काही भावांनी विचारलं, "हे तर बायांचं काम, ते जमिनीच्या संघटनेत कशाला?" म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आपली पोरं कधी जातात ते आठवा. होळीला जात नाहीत. भात झोडताना जात नाहीत. आषाढ, श्रावण, भादवा, याच महिन्यांत पाड्यावर खड्डा खणायची पाळी येते. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत पोरं एकामागून एक गेली. पुढच्या साली मेळघाटातून तीच बातमी आली. पेपरवाले आले, मंत्री आले, गाड्यांची रांग लागली. मग कोणी म्हणालं, आदिवासी अडाणी, भगताकडे जातात म्हणून पोरं मरतात. आम्ही म्हणतो, पावसाळ्यात पाड्यावर काय चालतं ते आधी बघा, मग बोला.

कणगीतला दाणा तोवर संपलेला असतो. वीटभट्टीवरून आणलेला पैसा शेटजीच्या उचलीत वळता झालेला असतो. आवणी सुरू होते. आई उजाडताना चिखलात उतरते ती अंधार पडल्यावर घरी येते. तान्हं पोर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. पाणी गढूळ, म्हणून हगवण. झोपडी गळते, म्हणून खोकला. ओहोळाला पूर, म्हणून दवाखाना बंद. खाणं कमी, काम जास्त, आजार जास्त आणि वाट बंद, हे सगळं एकाच महिन्यात एकाच पोरावर येऊन पडतं. यात अडाणीपणा कुठे आहे?

आणि प्लॉट म्हणजे तरी काय? वरकस जमिनीवर आपण नागली घेतो, वरई घेतो, उडीद, तूर, खुरासणी घेतो. म्हणजे पोराचा दाणा, पोराची डाळ आणि पोराचं तेल. जंगलातून भाजी येते, ओहोळातून खेकडा आणि मासा येतो. फॉरेस्टवाले प्लॉटवर रोपवनाचे खड्डे मारतात तेव्हा ते पोराच्या वाटीत खड्डा मारतात. म्हणून हे बोलणं जमिनीच्या बैठकीतलंच आहे.

पण दुसरी बाजूही ऐका. ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून कसलेले प्लॉट नियमित करू असं सरकारने ठरवलं. त्या साली जन्मलेली पोरं स्वतः आईबाप झाली, तरी पुष्कळांच्या हातात कागद आला नव्हता. आपण लढतोय, लढत राहू. पण पोराचं अंग आणि डोकं सर्वात जास्त वाढतं ते पहिल्या दोन वर्षांत. ती दोन वर्षं सातबाऱ्याची वाट बघत नाहीत. म्हणून या पावसाळ्यात आपल्या हातात काय आहे, ते आज सांगतो.

पहिलं दूध

बाळ जन्मलं की आईला पहिले दोन-तीन दिवस घट्ट, पिवळसर दूध येतं. पुष्कळ पाड्यांवर ते पिळून टाकतात आणि बाळाला गुळाचं पाणी किंवा मध देतात. असं करू नका. ते पिवळं दूध थोडं असतं, पण आजाराशी झुंजायची ताकद त्यातच असते. जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीला लावा. वर पुसून, कापडात गुंडाळून आईच्या अंगाला लावून ठेवा, लगेच आंघोळ घालू नका. नाळ उकळलेल्या नव्या पातीने कापा, तिला शेण-राख लावू नका. बाळ अगदी बारीक असेल आणि ओढत नसेल, तर आईने दूध स्वच्छ वाटीत पिळून चमच्याने थेंब थेंब पाजावं.

सहा महिन्यांपर्यंत नुसतं आईचं दूध. पाणीसुद्धा नको, दुधातच पाणी असतं. बाजारात मिळणारी बाटली आणि डबा घरात आणू नका. आपल्याकडे बाटली उकळायला इंधन आणि वेळ नाही, आणि डबा पुरावा म्हणून दूध पातळ होतं. डब्याच्या दुधाची आणि बाटलीची जाहिरात करायची नाही, असा कायदा सरकारलाही १९९२ साली करावा लागला.

म्हाताऱ्या आयांनो, तुमचं सगळंच चूक असं आम्ही म्हणत नाही. पोराला दोन-तीन वर्षं अंगावर पाजायचं, दिवसभर अंगाला बांधून ठेवायचं, नागलीची आंबील द्यायची, ही तुमचीच शिकवण. शिकलेले डॉक्टर आता तेच सांगतात. तेवढं पहिलं दूध फेकायचं सोडा.

सहा महिन्यांनंतरचा घास

सर्वात जास्त पोरं इथे वाळतात. सहा महिन्यांनंतर आईचं दूध चालू ठेवायचं, पण ते एकटं पुरत नाही. आपण काय करतो? दात आले नाहीत म्हणून थांबतो. नाहीतर पेजेचं वरचं पाणी देतो. पोराचं पोट भरतं, पण पाण्याने भरतं.

पोराचं पोट त्याच्या वाटीएवढं. मोठ्या माणसासारखं दोन वेळ भरपेट जेवून त्याचं भागत नाही. एका वर्षाच्या पोराला आईच्या निम्मं खाणं लागतं. ते एवढ्याशा पोटात जायचं तर दोन गोष्टी हव्यात: खाणं घट्ट हवं आणि दिवसातून पाच वेळा हवं. घट्ट म्हणजे केवढं? चमचा कलता केला तर ओघळून जाऊ नये, एवढं.

सहाव्या महिन्याला दोन-तीन चमच्यांपासून सुरू करा. मऊ भात किंवा नागलीची घट्ट पेज, त्यात शिजवून घोटलेली डाळ आणि वरून चमचाभर तेल. खुरासणीचं असेल तर तेच. तेलाने पोराला खोकला होतो असं म्हणतात, ते खरं नाही. तेवढ्याच घासात जास्त ताकद जायला तेलासारखं दुसरं काही नाही. हळूहळू वाढवत वर्षाचं होईस्तोवर अर्धी-पाऊण वाटी करा. शेवगा, टाकळा, माठ यांचा पाला शिजवून, घोटून घाला. हिरव्या पाल्याने डोळे राहतात, रातांधळेपण टळतं. मासा, खेकडा, अंडं मिळेल तेव्हा त्यातला मऊ भाग पोराच्या वाटीत आधी पडू द्या.

एक जुनी युक्ती सांगतो. नागली रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधून मोड आणा, वाळवा, हलकी भाजा, दळा. या पिठाची पेज शिजवली की चिकट गोळा होत नाही, सैल राहते. म्हणजे त्याच वाटीत जास्त पीठ बसतं, आणि पोर ते गिळतं. आवणीच्या आधी डबाभर करून ठेवा.

"आणि आई शेतात असेल तर पाच वेळा कोण भरवणार?" हा खरा प्रश्न आहे. आठ वर्षांच्या पोरीवर तो टाकू नका. पाड्यावरची तीन-चार तान्ही एका ओट्यावर आणा. एक जाणती बाई तिथे बसेल, बाकीच्या तिच्या शेताची आवणी करून देतील. आपण एकमेकांच्या शेतावर जातोच, ते काम आता पोरांसाठीही करायचं. आणि भावांनो, वाटी आणि चमचा तुमच्या हातातही धरता येतो.

हगवण

हगवणीत पोर मरतं ते अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे. म्हणून पाणी तोडू नका. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी घ्या. त्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चव बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून नवं करा. दर पातळ हगवणीनंतर अर्धी वाटी, घोट घोट पाजा. ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि परत हळू द्या. साखर नसेल तर मीठ घातलेली पातळ पेज चालते. अंगावरचं दूध चालू, खाणंही चालू. बरं झाल्यावर पंधरा दिवस एक वेळ जास्त खाऊ घाला, म्हणजे झालेली झीज भरून निघते.

पोर पाणी पीत नाही, डोळे खोल गेले, अंग सैल पडलं, हगवणीत रक्त आलं, तर वाट बघू नका, उचला आणि निघा. वाटेतही पाजत राहा.

खोकला आणि धाप

साधा खोकला पोराला मारत नाही, न्यूमोनिया मारतो. तो ओळखायला डॉक्टर लागत नाही, घड्याळ लागतं. पोर शांत असताना पोट वर-खाली होताना एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरला, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला, तर तो न्यूमोनिया समजा आणि त्याच दिवशी औषध मिळवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या सुईणींना हे शिकवलं, त्यांच्या हातात औषध दिलं आणि पोरं वाचली. आपल्या सुईणींना हे का जमू नये?

भगताकडे जायचं असेल तर जा, तो आपलाच माणूस आहे. पण पोटाला डाग देऊ नका. धाप लागलेलं पोर आधी औषधाला न्या.

पट्टीने माप

एक ते पाच वर्षांच्या पोराच्या दंडाला, खांदा आणि कोपराच्या मधोमध पट्टी गुंडाळा. माप साडेबारा सेंटिमीटरच्या खाली आलं तर पोर वाळतंय. साडेबारावर खूण केलेली पट्टी प्रत्येक पाड्याला देतोय. आणि पाय सुजले, बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला, तर "पोर भरलंय" असं समजू नका. ते सर्वात धोक्याचं, त्याला तातडीने दवाखान्यात न्या.

सरकारकडे काय मागायचं

हे सगळं आम्ही सांगितलं म्हणून सरकार सुटलं असं नाही. अंगणवाडी १९७५ पासून आहे. सहा महिने ते सहा वर्षांचं पोर, गरवार बाई आणि पाजणारी आई, यांचा तिथल्या खाऊवर हक्क आहे. पण अंगणवाडी गावठाणात, आणि आपला पाडा ओहोळापलीकडे. पाड्यावर खाऊ पोचलाच पाहिजे. वजन करताना आईने काटा बघायचा आणि वहीत काय लिहिलं ते विचारायचं. जास्त वाळलेलं पोर वहीत कमी वाळलेलं लिहिलं की कागदावर कुपोषण संपतं, झोपडीत संपत नाही.

रोजगार हमीच्या कामावर सावली, पिण्याचं पाणी आणि पोरांसाठी पाळणा द्यायलाच हवा, तो मागा. खावटी पाऊस पडायच्या आधी हवी, पोळ्याला नको. नवव्या महिन्याला गोवराची लस चुकवू नका.

आणि एक जड गोष्ट. पोर गेलं तर रडून झाल्यावर ग्रामपंचायतीच्या नोंदीत ते लिहून घ्या: वय, दिवस, काय झालं होतं. लिहिलं नाही तर सरकार म्हणतं, मेलंच नाही. ज्याचा जन्मही लिहिला नाही आणि मरणही लिहिलं नाही, त्याच्यासाठी आपण भांडणार कशावर?

शिबिरात ठरलेली कामं

१. प्रत्येक पाड्याने दोन बाया आणि एक घड्याळवाला तरुण निवडायचा. त्यांना श्वास मोजणं आणि पट्टी लावणं आम्ही शिकवू.

२. आवणीच्या महिन्यात पाड्यावर एक ओटा पोरांचा.

३. मोड आलेल्या नागलीचं पीठ पावसाच्या आधी तयार.

४. दर अमावास्येच्या बैठकीत आधी पोरांची यादी वाचायची, मग प्लॉटांची.

५. यादीत वाळलेली पोरं असतील तर अंगणवाडी, खावटी आणि रोजगार हमीची मागणी घेऊन सगळ्यांनी मिळून तहसीलवर जायचं. एकटी आई जाणार नाही.

जमीन आपण पोरांसाठीच मागतो. ती मिळेल त्या दिवशी कसायला पोरं हवीत.

जिंदाबाद!